बुरणूस लावलेली केबिन

दादाचा ट्रक लष्कराच्या मोडीतला होता. लढाई संपल्यावर असे पुष्कळ ट्रक लिलावात निघाले. त्यांतला एक दोन-तीन मालक बदलत आमच्या अकोल्याला आला आणि दादानं तो घेतला. दादाही लढाईतूनच परतलेला. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर तो लष्कराच्या गाड्या चालवायचा. दारासमोर ट्रक पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा आई म्हणाली होती, "सरकारनं दोघायलेही संगंच सोडलं म्हनाचं."

माझ्यात आणि त्याच्यात दहा-बारा वर्षांचं अंतर. वडील कापसातली सरकी काढणाऱ्या जिनात हमाली करायचे, ते लवकर गेले. मग दादाच घरचा कर्ता झाला. त्यानं मला अमरावतीच्या वसतिगृहात ठेवून मॅट्रिक केलं. पण पास झाल्यावर लगेच नोकरी कुठली? मी ट्रकवर गेलो. चार महिने जाईन म्हणून गेलो आणि वर्षं निघाली. कापसाच्या दिवसांत तेल्हारा, हिवरखेड, अकोटकडचा कापूस अकोल्याच्या जिनात आणायचा, आणि तो हंगाम सरला की जे मिळेल ते न्यायचं: सरकी, ढेप, चांदूर बाजारची संत्री.

त्या ट्रकचं इंजिन अर्धंअधिक केबिनच्या आत होतं. आम्हा दोघांच्या मध्ये पत्र्याचं बोनेट, आणि त्याच्याखाली ते सुरू झालं की दारं, काचा, बसायच्या फळ्या, सगळं एकदम थडथडू लागे. शेजारच्या माणसाशी बोलायचं तर त्याच्या कानाला तोंड लावून ओरडावं लागे, आणि चालवणाऱ्याच्या कानाशी कोण जाणार? म्हणून आमची हातांची भाषा झाली होती. दोन बोटं वाकवून दाखवली की पुढं बैलगाडी. पंजा खाली दाबला की हळू घे. अंगठा ओठाला लावला की चहा. बाजू मोकळी आहे की नाही हे मी दारावर थापा मारून सांगायचो आणि दादा आरशात बघत मान हलवायचा. आमचं पक्कं जमलेलं होतं. दिवस दिवस एकही शब्द न बोलता आम्ही कापूस भरून आणायचो. खाली उतरून शिदोरी सोडली तरी कानांत घुमत राहायचं, त्यामुळं जेवतानाही कुणी फारसं बोलत नसे. दादा मुळातच कमी बोलणारा, असं मी धरून चाललो होतो.

पासष्टच्या सुमारास मला मास्तर म्हणून घेतल्याचं कळलं. नांदगाव खंडेश्वरकडच्या एका गावची शाळा होती, दिवाळीनंतर रुजू व्हायचं होतं. ज्या गोष्टीसाठी दादानं मला शिकवलं ती हातात आली होती. पण त्याला सांगायला माझी जीभ उचलेना. मी गेलो की ट्रकवर तो एकटा. दुसरा माणूस ठेवला तरी परक्याशी त्याचं जमायचं नाही. आदल्या वर्षी मी तापानं पडलो होतो तेव्हा एक जण ठेवला होता. तो आठवड्यात निघून गेला. जाताना वहिनीला म्हणाला, "तुमचा मानूस दगड हाय. काही पुसलं तं जवाबच देत नाई."

दादा दगड नव्हता, हे मला ठाऊक होतं. तरुणपणी तो गायचा. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन परतताना याच ट्रकमध्ये मागं माणसं खच्चून भरलेली, सगळी पांढऱ्या कपड्यांत, आणि मागून गाण्याचा आवाज आला की दादा स्टेरिंगवर हात ठेवून पुढून तेच गाणं उचलायचा. इंजिनाच्या वर आवाज काढायचा पठ्ठ्या. मूर्तिजापुरात थांबलो तेव्हा एक म्हातारी मुद्दाम पुढं येऊन त्याला बघून गेली. म्हणाली, "हाच काय बाप्पा गानारा?"

म्हणून मला वाटलं, केबिनमध्ये रेडिओ असला तर त्याला सोबत होईल. मी नसलो तरी कोणीतरी गात राहील, बोलत राहील. मग मला जायला सोपं जाईल.

माझ्या एका वर्गमित्राचा जुना ट्रान्झिस्टर होता, तो त्यानं मला दिला. घरी छान वाजला. ट्रकमध्ये समोरच्या फळीवर ठेवला आणि इंजिन सुरू झाल्याबरोबर तो मुका झाला. आवाज पूर्ण सोडला तरी खरखरीशिवाय काही नाही. दादानं माझ्याकडं बघितलं, हातानंच 'राहू दे' केलं आणि गेर टाकला. पण माझ्या डोक्यात ते बसलं. रेडिओ मोठा करता येत नाही, तर केबिन गप्प करायची.

पोळा झाला होता, कापूस निघायला अवकाश होता, ट्रक घरासमोरच उभा होता. मी एकेका पत्र्यावर बोटानं टकटक करून बघितलं. दार रिकाम्या डब्यासारखं वाजायचं. तेच दार आतून तळहातानं दाबून धरलं की आवाज बसायचा. म्हणजे पत्र्याला आतून काहीतरी जड चिकटवायला हवं होतं. मोटार स्टँडजवळ गाद्या आणि सीटा शिवणारा एक कुशनवाला होता, त्याला विचारलं. तो हसला. म्हणाला, "ट्रकात कायची शांतता पायजे भाऊ तुमाले? मोटारीत सायेब लोक लावतात ते." पण त्यानं सांगितलं. आधी डांबर, त्यावर तरट, आणि तरटावर लोकर दाबून केलेला जाड बुरणूस. वरून रेक्झीन. सायलेन्सरच्या वाटेला, पत्रा तापतो तिथं, काही लावायचं नाही, नाहीतर एखाद्या दिवशी कापसासकट पेटाल.

मी दादाला म्हटलं, म्हणजे अंगणात समोर उभं राहून हातवारे करत म्हटलं, की केबिनला आतून अस्तर लावतो. तो कितीतरी वेळ माझ्या तोंडाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "कायले? मले सवय हाय."

"रेडिओ ऐकू येईन तुले."

"माह्यासाठी नोको करू. राहू दे."

मला वाटलं, भिडेपोटी म्हणतो. आपल्यासाठी कोणी काही करावं हे त्याला सोसत नसे. मी नाही ऐकलं.

दसऱ्याच्या आधीचं ते ऊन भयंकर होतं. तीन दगडांच्या चुलीवर डांबर वितळवलं. दारांचे आतले पत्रे काढले, घासले, आणि ओल्या डांबरात भिजवलेली तरटाची पट्टी एकेक करून आत थापली. छताला, मागच्या पत्र्याला, पायाखालच्या फळ्यांना, बोनेटच्या वरच्या अंगाला. हात कोपरापर्यंत काळे झाले. रॉकेलनं धुवायचे आणि पुन्हा काळे करायचे. डांबर आळलं तेव्हा दारावर टकटक केली, तर आवाज पखालीवर मारल्यासारखा आला. मला इतका आनंद झाला की मी शेजाऱ्यांना बोलावून ते दार वाजवून दाखवलं.

बुरणूस वहिनीनं कापून दिला. ओसरीत पसरून, खडूनं खुणा करून, पत्र्याचे आकार तिनं बरोबर काढले. बोनेटसाठी रेक्झीनची खोळही तिनंच शिवली. शिवता शिवता एकदा ती थांबली. म्हणाली, "भाऊजी, हे सारं तुमी तुमच्या दादासाठी करून राह्यले?"

"हो. कायले?"

ती सुई तशीच धरून बसली. मग म्हणाली, "काही नाई. चांगलं करून राह्यले." आणि पुन्हा शिवायला लागली.

पायाखालच्या फळ्यांवर मी बुरणुसाचे दोन थर टाकले. इंजिनाचा धडाका खालूनच जास्त वर येतो, हे माझ्या लक्षात आलं होतं. क्लच-ब्रेकच्या दांड्या जिथून आत येतात त्या भोकांत चिंध्या कोंबल्या. जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून दारांच्या कडांना सोल्यूशननं चिकटवल्या. शेवटी सगळ्यावर रेक्झीन ठोकलं. मग एकट्यानंच ट्रक सुरू करून मोटार स्टँडपर्यंत नेऊन आणला. मला विश्वासच बसेना. इंजिन होतं, पण शेजारच्या घरात कोणी दळण दळत असावं तसं. रेडिओ लावला. बातम्या सांगणारा मधेच श्वास घेत होता, तोसुद्धा ऐकू येत होता.

हंगामाची पहिली खेप हिवरखेडची होती. जाताना गाडी रिकामी. सकाळी वहिनीनं नेहमीसारखी शिदोरी दिली आणि दादा स्टेरिंगवर बसला. दार ओढून घेतलं तर ते धाडकन न आपटता दबक्या आवाजात बसलं. दादानं इंजिन सुरू केलं आणि त्याचा चेहरा बदलला. त्यानं खाली पायांकडं बघितलं. बंद करून पुन्हा सुरू केलं. मी हसून बघत होतो. मला वाटलं, चकित झाला.

गावाबाहेर पडेपर्यंत त्यानं दोनदा गेर चुकवला. दादा आणि गेर चुकवणं! गेरचे दात करकरा घासले गेले, आणि आता केबिन शांत असल्यामुळं तो आवाज फारच कानांत घुसला. मी म्हणालो, "सवय नाई अजून." त्याच्या कपाळाला घाम होता. पुढं वाकून, स्टेरिंग घट्ट धरून, नवख्या माणसासारखा तो चालवत होता.

पूर्णेचा पूल ओलांडला तेव्हा मी रेडिओ लावला. बायकांचा कार्यक्रम चालू होता, कोणीतरी ओवीसारखं काही गात होतं. दोन्ही बाजूंना कपाशीची बोंडं नुकतीच फुटायला लागलेली. मला वाटलं, आता सांगावं. आयुष्यात पहिल्यांदा या केबिनमध्ये माणसानं माणसाशी बोलावं अशी शांतता होती.

"दादा," मी म्हणालो, "मले मास्तरची नोकरी लागली. नांदगावकडं. दिवाळीनंतर जाचं हाय."

तो समोर बघत राहिला.

"तुले एकटं टाकून जावं वाटत नाई. पन तूच शिकवलं मले. आता नाई गेलो तं मंग कधी जानार?"

त्यानं मान हलवली. म्हणाला, "मागचं टायर पाहून घेऊ अकोटले. गाडी जड वाटून राह्यली."

मला वाटलं, त्याच्या मनाला लागलं, म्हणून तो विषय टाळतोय. रेडिओवर गाणं चालूच होतं. थोड्या वेळानं दादानं एकदा माझ्याकडं बघितलं, पुन्हा रस्त्याकडं बघितलं आणि समजूत काढावी तसा हसला.

"लाव ना आता तुया रेडिओ," तो म्हणाला. "येवढी मेहनत घेतली."

रेडिओ माझ्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर वाजत होता. इतका स्वच्छ की गाणाऱ्या बाईच्या बांगड्या वाजलेल्या कळाव्यात. मी दादाकडं बघितलं. त्याचा चेहरा साधा होता. तो वाट बघत होता.

मी हात पुढं केला आणि बटण उगाच थोडं मागं-पुढं फिरवलं. त्यानं ते बघितलं. मग मान डोलावली आणि म्हणाला, "वा. साफ येते."

मला पुढचा रस्ता आठवत नाही. आठवतं ते एवढंच की मी खिडकीबाहेर तोंड केलं आणि एकेक गोष्ट समोर येऊ लागली. विहारात वंदनेला दादा सगळ्यांच्या मागून अर्धा शब्द उशिरा म्हणायचा, तेव्हा त्याचे डोळे समोरच्याच्या ओठांवर असायचे. घरात त्याला हाक मारायची असली की वहिनी कधी ओरडायची नाही, उठून जाऊन त्याच्या खांद्याला हात लावायची. अंगणात माझ्या तोंडाकडं तो तेवढा वेळ का बघत राहिला होता. आणि आम्ही दोघं, दिवसभर एका केबिनमध्ये, हातांनी बोलत होतो. त्या धडाक्यात तो बहिरा आणि मीही बहिरा. दोघांत फरकच उरला नव्हता. तो धडाका मी माझ्या हातानं काढून टाकला होता.

हिवरखेडला कापूस भरला. परत निघताना मी म्हणालो, त्याच्या समोर उभं राहून म्हणालो, "मी चालवू का?" त्यानं नकार दिला. गाडी आता खरोखर जड होती. अकोट सोडल्यावर एका चढाला तो वरच्याच गेरमध्ये राहिला. इंजिन कण्हत होतं. बुरणुसाआडून मला ते ऐकू येत होतं. पूर्वीचा दादा असता तर केव्हाच गेर उतरवला असता. मी हातानं खूण केली, त्यानं गेर टाकायला घेतला आणि तो पडेना. तेवढ्यात बोनेटच्या फटीतून वाफ आली. गाडी कशीबशी एका लिंबाखाली घेऊन दादानं इंजिन बंद केलं.

आम्ही खाली उतरलो. पाणी उकळत होतं, झाकण उघडायची सोय नव्हती. दादानं पुढं जाऊन मडगार्डवर तळहात ठेवला आणि तसाच उभा राहिला. मग माझ्याकडं न बघता बोलू लागला. त्याचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. आता मला त्याचं कारण कळत होतं.

"डावा कान तं बर्मातच गेला. तोफ जवळ फुटली व्हती. आईले नाई सांगितलं. उजव्यानं भागत व्हतं. मंग तोही गेला हळूहळू. आता कोनी कानात ओरडलं तं काही तरी समजते, बस."

मी काही म्हणालो असेन. त्यानं हात वर केला.

"इंजिन मले पायातून समजे. फळीतून. सीटातून. कोन्त्या गेरात हाय, काय मागून राह्यलं, सारं पायाले समजे. तू आज खाली येवढी गादी घातली..." त्यानं दोन्ही हात उघडे करून दाखवले. "पाय बांधल्यासारखं झालं बे. मले गाडीच समजून नाई राह्यली."

मी रस्त्याच्या कडेला बसलो. तोही बसला. एक बैलगाडी आली, गाडीवानानं विचारलं, पाणी पाहिजे का, आणि खालचं मडकं काढून दिलं. ते बाजूला ठेवून आम्ही इंजिन निवायची वाट बघत राहिलो. मग दादानं माझा दंड धरून मला आपल्याकडं वळवलं.

"पुलाच्या पुढं तू काय सांगत व्हता? तोंड हालत व्हतं तुयं. आता सांग. हळू सांग."

मी हळू सांगितलं. एकेक शब्द ओठांनी मोठा करून. नोकरी. मास्तर. नांदगाव. दिवाळीनंतर. तो माझ्या ओठांवरून वाचत होता, आणि 'मास्तर' कळल्यावर त्याच्या तोंडावर असं काही आलं की मी तोच शब्द पुन्हा म्हणालो.

"मंग हे डांबर, बुरणूस? हे कायले केलं?"

"मी गेल्यावर तुले सोबत," मी म्हणालो.

त्याला ते लगेच कळलं नाही. मला पुन्हा सांगावं लागलं. मग त्यानं गळ्यातल्या दुपट्ट्यानं तोंड झाकून घेतलं आणि बराच वेळ तसाच बसला. आमच्या वडिलांच्या मरणातही मी त्याला असं बसलेलं बघितलं नव्हतं.

उठल्यावर त्यानं पाणी भरलं, झाकण लावलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. "चाल. तू घे." आणि वळसा घालून तो डावीकडच्या दारानं चढला. स्वतःच्या ट्रकमध्ये तो त्या बाजूला कधी बसला नव्हता. त्याला आतली कडी सापडेना. मी वाकून लावून दिली.

घरी आलो तर वहिनीला काही सांगावं लागलं नाही. डाव्या दारातून त्याला उतरताना बघून ती चौकटीतच बसली. मागाहून, दादा आंघोळीला गेल्यावर, मी विचारलं, "वयनी, तुमाले माहीत व्हतं?"

"दिसत नाई का मले? मी म्हनो, तुमाले तं माहीतच असंन. दिवसभर तुमीच तं राहता संग." मग डोळे पुसत म्हणाली, "त्या दिवशी बुरणूस शिवताना माह्या मनात आलं, का भाऊजीले माहीत नाई वाटते. पन म्या म्हटलं, कोन जाने, केबिन शांत झाली तं येईनही तुमच्या दादाले ऐकू. मलेही आस लागली."

अमरावतीच्या एका कानाच्या डॉक्टरकडं आम्ही त्याला नेलं. त्यांनी लोखंडी चिमटा वाजवून कानामागच्या हाडावर टेकवला, कानात उजेड टाकून बघितलं, आणि पाठीवर हात ठेवून म्हणाले की आतली नस गेली आहे, ती परत येत नाही. दादानं त्यांच्या ओठांवरून ते वाचलं. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "भला मानूस हाय. खोटं नाई बोलला." मग रस्त्यावरून जाणाऱ्या एका ट्रककडं तो वळून बघत राहिला, वळणाआड जाईपर्यंत.

मी नोकरी सोडतो म्हणालो. दादानं ते चालू दिलं नाही. आमच्या दोघांत त्यावरून भांडण झालं, आणि आता भांडायचं तर समोरासमोर, एकमेकांच्या तोंडाकडं बघून भांडावं लागे. तसं भांडण फार टिकत नाही. तो म्हणाला, "आज पानी उकयलं. उद्या समोरून कोनाचं लेकरू आलं तं? ते आता तुह्या-माह्या हातात नाई ठेवाचं. गाडी विकून टाकू."

चांदूर बाजारच्या एका संत्र्यावाल्यानं गाडी घेतली. तो न्यायला यायच्या आदल्या दिवशी दादानं पायाखालचा बुरणूस काढला. मी म्हणालो, राहू दे, चांगला आहे. तो म्हणाला, "घेनाऱ्याले गाडी समजली पायजे." खाली फळ्यांवर बसून, खरवडणीनं तो डांबर खरवडत होता. छताचं आणि दारांचं त्यानं तसंच राहू दिलं. ट्रान्झिस्टर वहिनीनं घरात आणून ठेवला, आणि ती तो दादा बाहेर गेला की लावायची. तो घरात असताना कधी नाही. त्यानंच एकदा ते ओळखलं आणि सगळ्यांसमोर लावायला लावला. म्हणाला, "मले कायचा राग? तुमी ऐका, मी तुमची तोंडं पायतो."

दादा पुढं अकोल्याच्या एका जिनात यंत्रांवर लागला. तिथं एवढा गदारोळ की सगळेच कामगार हातांनी बोलायचे. त्याला तिथं कोणी बहिरा म्हटल्याचं मी ऐकलं नाही. सुटीच्या दिवशी मात्र तो घरातून बाहेर पडत नसे. चावडीवर, लग्नात, कोणाच्या दारात बसून गप्पा मारायचं त्यानं सोडून दिलं. लोक म्हणायचे, मूळचाच कमी बोलणारा. गाणं तर त्याच्या तोंडून मी पुन्हा ऐकलं नाही. एकदाच, आई वारली तेव्हा तिला पोचवून आल्यावर, ओसरीत बसून तो काहीतरी गुणगुणत होता. चाल ओळखू येत नव्हती. आपण गातोय हे त्याला ठाऊक होतं की नाही, मला सांगता येत नाही.

माझ्या शाळेत तो पहिल्यांदा आला तेव्हा मला तिथं जाऊन दोन पावसाळे झाले होते. पत्ता विचारत, नांदगावहून पायी, खांद्यावर वहिनीनं दिलेली पिशवी. एक खोली, वर कौलं, आणि खाली सारवलेल्या जमिनीवर चार वर्ग एकत्र बसलेले. मी खुर्ची दिली, तो बसला नाही. मागं भिंतीला टेकून, मुलांबरोबर खाली बसला. पाढे चालू होते. मी थांबणार होतो, त्यानं हातानं सांगितलं, चालू दे.

मुलं आधी बिचकली, मग पाहुण्याला ऐकवायला म्हणून जोरात म्हणू लागली. दादा एकेकाकडं बघत होता. शाळा सुटल्यावर अंगणात हातपाय धुताना तो मला म्हणाला, "लय जोरात म्हन्तात लेकरं, नाई?"

मी मान हलवली.

"गयाच्या शिरा दिसतात त्यायच्या," गळ्याला बोट लावत तो म्हणाला. मग पिशवीतून भाकरी काढून त्यानं माझ्यापुढं ठेवली आणि आम्ही जेवायला बसलो.